टाकीचा रंग

नवाथ्यांच्या घरात दिवाळीपासून बापलेकांत फक्त हवामान उरलं होतं, आणि तेही वायरलेसवर.

हेरंब शिवालिक एअरवेजचं लहानसं विमान घेऊन दिल्लीहून चंदीगडच्या जवळ आला, की खालून कंपनीच्या सेटवर गुरुनाथ त्याला वारा सांगत, धुकं सांगत, परतीचे प्रवासी किती ते सांगत. हेरंब 'रॉजर' म्हणून मोकळा होई. विमानतळावर समोरासमोर आलेच तर दोघेही एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत. सुटीला घरी आला की हेरंब आमटी आईकडे मागे, आणि तीच आमटी खारट झाल्याचं गुरुनाथ बायकोला सांगत. तुमच्या दोघांसाठी आता स्वयंपाकघरात एक टॉवर बांधून घेते, असं वसुधाबाई म्हणत. त्यावर कुणी हसत नसे.

गुरुनाथ हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले, चंदीगडच्या तेहतीस सेक्टरात घर बांधलं आणि महिनाभरात कंटाळले. बागेतल्या गुलाबांना हुकूम सोडून माणूस किती दिवस काढणार. त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर बक्कळ पैसा केलेल्या ग्रोव्हरसाहेबांनी विमान कंपनी काढली. अतिरेक्यांच्या भीतीनं पंजाबात अंधार पडल्यावर बस निघत नव्हत्या, रेल्वेत बसायला माणसं कचरत होती, तेव्हा विमानाला गिऱ्हाईक मिळणार हे त्या गृहस्थानं बरोबर हेरलं. त्यानं गुरुनाथांना सल्लागार आणि चंदीगडचा स्टेशन मॅनेजर केलं. पाठोपाठ हेरंब तिथेच वैमानिक म्हणून लागला, आणि वर्ष भरायच्या आत बरोबरीच्या वैमानिकांनी त्याला आपल्या संघटनेचा सेक्रेटरी केला. ते कळलं त्या दिवशी गुरुनाथ जेवले नाहीत. युनियन ही गिरणीच्या फाटकावरची गोष्ट, आकाशात तिचं काय काम, हे आपलं मत त्यांनी शेजारच्या संधूबाईंनाही कुंपणावरून ऐकवलं.

ठिणगी पडली ती करारातल्या सातव्या कलमावरून. वैमानिकाला उड्डाणाचा भत्ता मिळणार तो विमान तिकिटावरच्या गावी उतरलं तरच. मधूनच परत फिरला तर भत्ता नाही, वर खुलासा द्यायचा. संघटनेनं कामाच्या तासांची मर्यादा मागितली, वर्षावर्षाचे करार नकोत म्हटलं, पण सगळ्यांत आधी हे कलम काढा म्हणून हट्ट धरला. उतरायचं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, खिशानं नाही, असं हेरंब चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण बोलून गेल्यावर आठवलं की ते कलम वडिलांनीच लिहिलं होतं, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता. मग आवाज चढले, आमच्या वेळी निघालं, तुमची वेळ संपली निघालं, आणि त्या संध्याकाळपासून घरात हवामान तेवढं राहिलं.

अशा घरात माघाच्या सुरुवातीला रागिणीचा साखरपुडा ठरला.

रागिणी, हेरंबची धाकटी बहीण, शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. मुलगाही तिथलाच, विनायक, मूळचा सांगलीचा. त्याची आई लहानपणीच गेली. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, नलिनीताईंनी. त्या सांगलीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि घरातही त्याच हुद्द्यावर होत्या. विनायकचे वडील सुरेशराव सज्जन गृहस्थ, बहिणीनं मान हलवली की मान हलवणारे. नलिनीताईंच्या अटी दोनच. पौषात काही करायचं नाही, आणि रस्त्यानं यायचं नाही. सांगलीच्या वर्तमानपत्रात रोज काय काय छापून येत होतं, ते वाचून त्यांनी पंजाबकडच्या रस्त्यांवर फुलीच मारली होती. दिल्लीहून येणारा रस्ता जवळजवळ सगळा हरियाणातून जातो हे विनायकनं नकाशा काढून दाखवलं. त्यांनी नकाशा घडी करून परत दिला. तेव्हा गुरुनाथांनी छाती पुढे काढून सांगितलं की आमची कंपनी आहे, तुम्ही विमानानं या, अकराच्या मुहूर्ताला दोन तास हातात राहतील.

विमान कोण चालवणार होतं हे सांगायला नकोच. हेरंबनं ती पाळी मुद्दाम मागून घेतली होती. बहिणीच्या सासरच्या माणसांना आपणच घेऊन यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की गुरुनाथांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट शोधावं लागलं. आठवडाभर रजेवर होते, शालू आणि पेढे आणि मांडवाच्या कनाती यांत बुडालेले, पण आज पाहुण्यांच्या स्वागताला स्वतः सेटवर बसायचं हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. विमानतळाच्या फाटकावर नेहमीच्या जवानांनी गाडी नेहमीसारखीच तपासली. डिकीतल्या गुलाबहारांच्या टोपल्या उघडून बघितल्या, आणि त्यातल्या एकानं लाजत लाजत एक फूल मागून घेतलं. गुरुनाथांनी दोन दिली. एवढे ते खुशीत होते.

साडेनवाच्या सुमाराला धुकं थोडं विरळ झालं. टॉवरनं कळवलं की दृश्यता किमान मर्यादेच्या अगदी काठावर आहे, उतरायचं की नाही ते वैमानिकानं ठरवावं. वर हेरंब घिरट्या घालत होता. कंपनीच्या सेटवर त्याचा आवाज आला, तोच कोरडा इंग्रजी आवाज. चंदीगड स्टेशन, टाकी दिसते का.

टाकी म्हणजे धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असलेली पाण्याची उंच टाकी. स्टेशनच्या मागच्या दारातून ती नजरेस पडली की सबंध धावपट्टी मोकळी आहे असं समजायचं. ही रीत इथे गुरुनाथांनीच पाडली होती, आणि वैमानिकांचा तिच्यावर यंत्रापेक्षा जास्त भरवसा होता.

गुरुनाथ मागच्या दारात गेले. डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं. टाकी दिसली. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी भक्कम. ते आत आले आणि त्यांनी सांगितलं, "दिसते. ये खाली."

सेट खरखरला. मग हेरंब बोलला. यावेळी मराठीत, आणि 'चंदीगड स्टेशन' असं न म्हणता.

"बाबा, टाकीचा रंग कोणता आहे?"

"म्हणजे काय? लाल-पांढरा. दुसरा कुठला असणार?"

"बाबा, परवा ती रंगवली. पिवळी आहे आता. तुम्ही परत एकदा बघून या."

गुरुनाथ परत गेले. यावेळी दारात थांबले नाहीत, गवतातून दव तुडवत पुढे गेले आणि नीट पाहिलं. समोर धुकं होतं. धुक्यात काही नव्हतं. ना लाल, ना पांढरं, ना पिवळं. रोज सकाळी त्या टाकीकडे बघत आलेल्या माणसाला तिची जागा पाठ होती, आणि अकराचा मुहूर्त गाठायचा होता, म्हणून ती दिसली होती. दोन्ही वेळा उभा होता तो तोच माणूस, तेच डोळे, तेच धुकं. त्या ढगात पोटचा पोरगा होता, मुलीचं सगळं सासर होतं, आणखी माणसं होती, आणि त्यांना आपण खाली या म्हणून सांगितलं होतं.

ते धावत सेटपाशी आले.

"दिसत नाही," ते म्हणाले. "काही दिसत नाही. परत जा."

"रॉजर," हेरंब म्हणाला. आणि मग, "बाबा, त्यांना मी गाडीनं घेऊन येतो. काळजी करू नका."

विमानाचा आवाज धुक्यातून दूर गेला. गुरुनाथांनी सेट बंद केला. पलीकडच्या खुर्चीवर गुलाबांचे हार पडले होते.

घरी बातमी पोचली तेव्हा मांडवात गुरुजी बसले होते आणि वसुधाबाई ओटीचं ताट सजवत होत्या. विमान परत गेलं, एवढंच गुरुनाथांनी सांगितलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होती, फक्त इथे घोडं अर्ध्या वाटेतून माघारी गेलं होतं. पण वसुधाबाई हवाई दलात बदल्यांवर बदल्या काढलेल्या बाई. त्यांनी ताटावर रुमाल टाकला, गुरुजींना उपमा दिला आणि पंचांग त्यांच्या मांडीवर ठेवलं. गुरुजींनी उपम्याचा पहिला घास घेता घेता गोरज मुहूर्त काढला. संध्याकाळी सूर्य बुडता बुडता. चंदीगडात गाई कुठून आणायच्या हा प्रश्न रागिणीनं विचारला, तेव्हा संधूबाई कुंपणावरून म्हणाल्या की आमची म्हैस चालत असेल तर बांधून ठेवते.

रागिणी मनापासून हसली. सकाळपासून तिला हसू लोटत होतं. विनायक तर लवकरच येऊन मांडवाच्या दोऱ्या बांधत होता, आणि आत्या रस्त्यानं येतेय या कल्पनेनं त्याला घाम फुटला होता. मी सांगतो, ती येणार नाही, दिल्लीहूनच सांगलीची गाडी धरेल, असं तो दर पंधरा मिनिटांनी म्हणे. गुरुनाथांनी तीनदा घड्याळाला किल्ली दिली. वसुधाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"काय बोललात तुम्ही त्याच्याशी सेटवर?"

"हवामान."

"एवढंच?"

"एवढंच," गुरुनाथ म्हणाले आणि नारळ सोलायला बसले. त्यांनी जन्मात कधी नारळ सोलला नव्हता. वसुधाबाईंनी ते पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

दुपारी ग्रोव्हरसाहेबांचा फोन आला. ते रागात नव्हते, हे जास्त वाईट होतं. टॉवरनं उतरायची परवानगी दिली होती आणि कॅप्टन नवाथे परत गेला, तेव्हा हे सरळसरळ संघटनेचं आंदोलन आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सातव्या कलमावर दबाव आणायला मुद्दाम भरलं विमान माघारी नेलं, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी, म्हणजे ही माणसं कुठल्या थराला जातात बघा. हेरंबला घरी बसवायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. पण ग्रोव्हरसाहेब सरळ मनाचे. "वो आपका भी बेटा है, नवाथे साहब. आप वहाँ खड़े थे. शाम को आ रहा हूँ, आप मुँह से बता देना कि दिख रहा था या नहीं. जो आप कहेंगे, वही पक्का."

गुरुनाथांनी फोन ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी स्थिती होती. दिसत नव्हतं एवढंच सांगितलं तर पोराची नोकरी वाचेल. पण मग ग्रोव्हर विचारणार, की तुम्ही त्याला काय कळवलंत. आणि खरं सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागणार होतं. ज्या संघटनेला दिवाळीपासून नावं ठेवली तिचा मुद्दा आपण एका सकाळीत स्वतःच सिद्ध करून दाखवला, आपल्यासाठी तर भत्ताही नव्हता, नुसता मुहूर्त होता, हे व्याह्यांसमोर, नव्या जावयासमोर, मालकासमोर बोलायचं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला चुकीचं सांगितलं नव्हतं. निदान आज सकाळपर्यंत त्यांना तसं वाटत होतं.

हेरंबच सांगेल, असं एक मन म्हणत होतं. सांगायलाच हवं त्यानं, त्याच्याच पोटावर पाय येतोय. त्या विचारानं थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.

उन्हं कलताना फाटकाशी एक टॅक्सी थांबली. सगळं घर बाहेर धावलं. आधी हेरंब उतरला, गणवेशातच, टाय सैल केलेला. मग सुरेशराव. मग नलिनीताई. त्यांनी शाल नीट केली, मांडवाकडे पाहिलं, विनायककडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की रस्ता चांगला आहे की ओ, उगीच वर्तमानपत्रवाले घाबरवतात.

झालं होतं असं. अंबाल्याच्या अलीकडे नाक्यावर टॅक्सी अडवली. बंदुकीवाला जवान खिडकीशी वाकला आणि आत चाललेलं नलिनीताईंचं मराठी ऐकून तसाच उभा राहिला. तो निघाला तासगावचा. त्याची मोठी बहीण नलिनीताईंच्या शाळेत शिकलेली. मग काय, सगळ्यांना पोत्यांच्या भिंतीआड बसवून चहा, आणि बाईंना नमस्कार करायला चौकीतले आणखी दोघे. ही हकीकत नलिनीताईंनी पायरीवर उभ्या उभ्याच सगळ्यांना सांगितली. बाकी रस्ताभर त्यांनी काय केलं ते सुरेशरावांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या हेरंबला बोलत होत्या. दिल्लीहून निघाल्यापासून बोलत होत्या. विमान वर असताना कॅप्टन म्हणून त्याचं नाव त्यांनी ऐकलं होतं, आणि दिल्लीच्या विमानतळावर कंपनीच्या माणसानं संघटनेचं आंदोलन म्हणून त्यांच्या कानात भरलं होतं.

गुरुनाथांनी हेरंबकडे पाहिलं. दिवाळीनंतर आज पहिल्यांदा पोरानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, खांद्यावरून नाही. आणि आत जाता जाता फक्त एवढंच म्हणाला, "धुकं वाढतंय परत." त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ग्रोव्हरसाहेब सुक्या मेव्याचा डबा घेऊन आले तेव्हा बैठकीत चहा फिरत होता. अंधार पडायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं, त्या दिवसांत सगळ्यांनाच असायचं. त्यामुळे त्यांनी बसल्या बसल्या विषयालाच हात घातला. नलिनीताईंपुढे हात जोडले, बहनजी म्हणाले, माफी मागितली, आणि ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही असंही सांगितलं. हेरंब खिडकीशी उभा होता. त्यानं चहाचा घोट घेतला आणि बाहेर बघत राहिला. वसुधाबाईंच्या हातातली किटली मध्येच थांबली.

नलिनीताईंनी हेरंबकडे तशीच नजर टाकली, जशी त्या गृहपाठ न आणलेल्या मुलींकडे टाकत असतील. त्या म्हणाल्या, संघटना काढा, भांडा, हक्कासाठी भांडायलाच पाहिजे, पण बहिणीचा मुहूर्त त्यासाठी वापरायचा म्हणजे काय. भावानंच आम्हाला दारातून परत पाठवलं.

गुरुनाथ उठून उभे राहिले. का कोण जाणे, पण परेडला उभे राहतात तसे.

"हेरंबनं नाही पाठवलं," ते म्हणाले. "मी पाठवलं."

मग ते ग्रोव्हरसाहेबांसाठी हिंदीत सांगायला गेले आणि दोन शब्दांत अडखळले. ज्यांना सांगायचं ती माणसं मराठी होती. म्हणून ते मराठीतच बोलत राहिले, आणि रागिणी ग्रोव्हरसाहेबांच्या खुर्चीशी वाकून ते हिंदीत सांगत राहिली. त्यामुळे सगळ्या चेहऱ्यांवर जे उमटे ते ग्रोव्हरसाहेबांच्या चेहऱ्यावर दोन वाक्यं उशिरा उमटे.

"त्यानं विचारलं टाकी दिसते का. मी दिसते म्हणून सांगितलं. ती दिसत नव्हती, नलिनीताई. मला मुहूर्त दिसत होता. तुम्ही दिसत होता, मांडव दिसत होता. टाकी मी मनानंच उभी केली. मी खोटं बोललो नाही, मला ती खरंच दिसली, आणि तेच भयंकर आहे. त्यानं मला रंग विचारला. मी जुना सांगितला. ती परवा रंगवली, आज पिवळी आहे, आणि मला माहीतच नव्हतं. त्यानं बापावर विश्वास ठेवला असता तर..."

वसुधाबाई किटली खाली ठेवून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मग नलिनीताईंनी विचारलं, अगदी शांतपणे.

"म्हणजे याला हे सगळं ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि दिल्लीपासून इथवर मी याला बोलबोल बोलले, तेव्हा हा गप्प बसला?" त्या हेरंबकडे वळल्या. "का रे बाबा?"

हेरंबनं खांदे उडवले. "आत्या, ते बाबांनी सांगायचं होतं ना. मी कसं सांगणार?"

नलिनीताईंनी चष्मा काढला, शालीनं पुसला आणि परत घातला. "मुलगी विनायकनं पाहिली होती," त्या म्हणाल्या. "मला घर बघायचं होतं. ते बघून झालं. वसुधाताई, सूर्य बुडायच्या आत ओटी भरून घ्या." आणि सुरेशरावांनी मान हलवली. सगळ्यांना आठवतं की त्या दिवशी ती त्यांनी बहिणीच्या आधी हलवली होती.

रागिणीचा अनुवाद तेवढ्यात शेवटाला पोचला. ग्रोव्हरसाहेबांनी बोटातली अंगठी फिरवली. ते म्हणाले, म्हणजे आपल्या घरच्या मंगल कार्यासाठी तुमच्यासारख्या माणसाच्या डोळ्यांना नसलेली टाकी दिसते. मग पोटासाठी उडणाऱ्या पोराला किती टाक्या दिसतील. धंदेवाला माणूस, त्याला हिशेब पटकन कळतो. गुरुनाथ म्हणाले, तेच सांगतोय, ते सातवं कलम मी लिहिलं होतं, मीच काढा म्हणतो, आणि काढणार नसाल तर उद्यापासून दुसरा सल्लागार बघा.

"फिर आप क्या करेंगे?"

"युनियनमध्ये जाईन."

"निवृत्त माणसांना घेत नाही आम्ही," हेरंब खिडकीतून म्हणाला. दिवाळीनंतर बापाशी समोरासमोर बोललेलं, हवामान सोडून, हे त्याचं पहिलं वाक्य. विनायक आधी हसला, मग रागिणी, आणि मग हसणं सगळ्या बैठकीत पसरलं.

ग्रोव्हरसाहेबांनी सोमवारी हेरंबला आणि त्याच्या साथीदारांना बोलणीसाठी बोलावलं. दारात चप्पल घालता घालता वळले आणि म्हणाले, "नवाथे साहब, सोमवार को आप बैठेंगे किस तरफ़?"

"जिधर से टंकी दिखती है," गुरुनाथ म्हणाले.

साखरपुडा गोरजावर झाला. संधूबाईंनी म्हैस खरंच कुंपणाशी आणून बांधली होती, आणि अंगठी घालायच्या नेमक्या क्षणाला ती हंबरली. गुरुजींनी तो शुभशकुन ठरवला. अंधार पडल्यावर पाहुण्यांना कुठे जायचं नव्हतंच. संधूबाईंकडून रजया आल्या, बैठकीत अंथरुणं पडली, आणि पंगतीत हेरंबनं वाटी पुढे केली. वसुधाबाईंचा हात सवयीनं आमटीच्या डावाकडे गेला. पण वाटी त्यांच्याकडे नव्हती केलेली. गुरुनाथांनी आमटी वाढली, आणि खारट आहे हेही त्यालाच सांगितलं.

सोमवारी सातवं कलम गेलं. उतरायचं की परत फिरायचं, हा शब्द कॅप्टनचा, त्यावर भत्ता तुटणार नाही आणि खुलासाही मागायचा नाही, असं त्या जागी आलं. ते नवं कलमही गुरुनाथांनीच लिहिलं, फक्त यावेळी हेरंबनं दोनदा खोडून परत लिहायला लावलं. कामाच्या तासांवर मात्र ग्रोव्हरसाहेब अडून बसले, वर्षावर्षाचे करारही राहिले, आणि संघटना त्यासाठी पुढेही भांडणार होती. गुरुनाथ टेबलाच्या आखूड बाजूला बसले होते, दोघांच्या मध्ये, आणि दोन्ही बाजूंना न विचारता सल्ले देत होते.

मंगळवारी नलिनीताई परत निघाल्या. विमानानंच. हेरंब दिल्लीहून येणार आणि त्याच विमानातून त्यांना घेऊन जाणार होता. त्या सामान सुरेशरावांवर सोडून गुरुनाथांच्या खोलीत सेटशेजारी खुर्ची ओढून बसल्या, म्हणजे हे सगळं कसं चालतं ते एकदा बघून घेऊ. बाहेर धुकं होतं, पण उजेड त्यातून झिरपायला लागला होता.

सेट खरखरला. "बाबा, टाकी?"

गुरुनाथ मागच्या दारातून बाहेर गेले, आले, आणि म्हणाले, "नाही. थांब." हेरंब वर घिरट्या घालत राहिला. काही वेळानं ते परत जाऊन आले. "अजून नाही." कंपनीचं तेल जळत होतं, दिल्लीला जाणारे प्रवासी बाहेर कुरकुरत होते, ग्रोव्हरसाहेबांच्या ऑफिसातून काय झालं म्हणून फोन येऊन गेला. गुरुनाथ कुणासाठी घाई करेनात. तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा नलिनीताईही त्यांच्यामागून गेल्या, आणि दोघं ओल्या गवतात शेजारी शेजारी उभी राहिली.

धुक्याचा एक पदर सरकला. खालून पाय दिसले, मग पोट, मग सबंध टाकी, हळदीच्या कार्यात न्हाऊन निघाल्यासारखी.

"काय भडक रंग दिलाय," नलिनीताई म्हणाल्या.

गुरुनाथांनी लगेच पाठ फिरवली नाही. चांगलं निरखून पाहिलं, डोळे मिटले, उघडले, आणि परत पाहिलं. ती होती. मग ते आत आले, सेटसमोर बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

"पिवळी," ते म्हणाले. "ये."